डिग्री वेगळी, आता एलएलबी? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

दारव्ह्यात तहसीलजवळ आमचं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि टायपिंगचं केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, फेरफाराची नक्कल, पीक विमा असं काही काम घेऊन माणूस येतो. काम झालं, की काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "काहो, माझी बीएस्सी ॲग्री झाली आहे. आता वकिली शिकता येते का?" हिवाळ्यात सीईटीचे, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सुटले, की हा प्रश्न रोजचा होतो. उभ्या उभ्या सांगत बसलो तर मागची लाइन खोळंबते, म्हणून हे पत्रक छापलं. घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला आणि मगच फॉर्म भरायला या.

येते का? हो, येते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनीअरिंग, फार्मसी, काहीही. बारावीनंतर करतात तो कोर्स पाच वर्षांचा, पदवीनंतरचा तीन वर्षांचा. "आता पुन्हा पाच वर्षं कुठून काढू" म्हणून कितीतरी जण विचार सोडून देतात, पण पदवीधराला पाच वर्षं लागतच नाहीत. वयाचीही अट नाही. चाळिशी उलटलेले, नातवंडं असलेले लोक वर्गात बसतात, लाजू नका.

टक्क्यांची अट मात्र आहे. खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातीला ४०. चव्वेचाळीस पूर्णांक नऊ म्हणजे पंचेचाळीस नव्हे, हे आम्ही कितीदा सांगितलं असेल. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर त्याचे टक्के किती, याचं पत्र विद्यापीठाकडून आणा, अंदाजाने आकडा टाकू नका. मुक्त विद्यापीठाची पदवी असणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. दहावी-बारावी रीतसर करून मग पदवी घेतली असेल तर अडचण नाही. पण बारावी न करता, प्रवेश परीक्षेच्या वाटेने थेट पदवीला बसला असाल, तर बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमात ती पदवी बसत नाही. असं आम्ही काउंटरवर सांगितलं, की गिऱ्हाईक नाराज होतं. पण फीचे पैसे भरून नाराज होण्यापेक्षा ते बरं.

खरी परीक्षा हजेरीची

सीईटीची धास्ती लोक उगाच घेतात. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, प्रश्न मराठीतही दिसतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजीचा भाग आहे, त्याची थोडी तयारी लागते. माणूस अडतो ते पुढे, हजेरीपाशी.

घरबसल्या एलएलबी होत नाही. पत्रव्यवहाराने नाही, मोबाइलवर नाही, "फक्त परीक्षेला या" म्हणणाऱ्या एजंटाकडून तर मुळीच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी. खरंच कारण असेल तर महाविद्यालय ६५ पर्यंत सूट देऊ शकतं, त्याखाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्हीचं परिपत्रक काढलं, शिवाय नोकरी करत असाल तर ते लिहून द्यायचं आणि मालकाचं ना हरकत पत्र जोडायचं. एकाच वेळी दुसरा नियमित कोर्स करणंही चालत नाही. "एमए पण करतो आणि एलएलबी पण" हा बेत सोडा.

आता हिशेब मांडा. इथून यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयात जायचं तर एसटीची वाट पाहणं धरून रोजचे तीनेक तास रस्त्यात जातात. शकुंतला रेल्वे चालू असती तरी यापेक्षा लवकर पोचवलं नसतं म्हणा! मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांना पास मिळतो, त्यामुळे पैशाचा भार झेपतो. वेळेचं काय? सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे येते आणि सेमिस्टरची परीक्षाही तिथेच कुठेतरी. ज्यांच्या घरी शेतावर दुसरा माणूस नाही त्यांनी हा प्रश्न आधी सोडवावा. आमच्याकडे फॉर्म भरून, प्रवेश मिळून, पहिल्याच सेमिस्टरला घरी बसलेली मंडळी आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं कारण अभ्यास नव्हतं, एसटी होतं. जमत असेल तर अमरावती, अकोला किंवा नागपूरला खोली करून राहणं सोपं पडतं. तिथेही विधी महाविद्यालयं आहेत, नागपूरचं डॉ. आंबेडकर विधी महाविद्यालय तर १९२५ पासूनचं.

आधीचं शिक्षण वाया जातं का?

हे विचारणाऱ्याला आम्ही भाऊसाहेबांचं उदाहरण देतो. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी विलायतेत वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाले. पुढे देशाचे कृषिमंत्री. आज अमरावतीच्या विधी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. एवढं मोठं उदाहरण नको असेल तर सातबारा घ्या. बीएस्सी ॲग्रीवाल्याला बारा कळतो, म्हणजे पीक, पाणी, झाडं. एलएलबी त्याला सात शिकवते, म्हणजे नाव, हक्क, बोजा. भूसंपादनाच्या मोबदल्यात संत्र्याच्या झाडाची किंमत किती धरायची, यावर भांडताना त्याच्याइतका तयार वकील कुठे मिळायचा? बीकॉमवाल्याला चेक बाउन्सची, कलम १३८ ची प्रकरणं चटकन समजतात, आणि ती तालुका कोर्टात ढिगाने असतात. बीए मराठीवाल्यांनीही मागे राहू नये. जुलै १९९८ पासून राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. दावा आणि कैफियत नीट मराठीत लिहिणारा माणूस कोर्टात शोधावा लागतो, हे आम्ही टायपिंगवाले खात्रीने सांगतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मात्र इंग्रजीच.

जुनी पुस्तकं घेताना सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमं ५११ होती, आता ३५८ आहेत आणि क्रमांक सगळे बदलले. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. वरच्या वर्गातल्या दादाने अर्ध्या किमतीत दिलेला फौजदारीचा गठ्ठा घरच्या माळ्यावर शोभेल. संविदा अधिनियम १८७२, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ आणि दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ यांची पुस्तकं जुनी चालतील, फक्त अलीकडची आवृत्ती बघा.

पदवीनंतर सनद, आणि दुकानाचा प्रश्न

एलएलबी झाली म्हणजे वकील झाला असं नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायची. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क ७५० रुपयांच्या वर आणि अनुसूचित जाती-जमातीसाठी १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. ती मराठीतून देता येते, टिपा नसलेला मूळ कायदा सोबत नेता येतो.

न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. थेट कॉलेजातून खुर्चीवर, हे संपलं. ज्युनिअर म्हणून सुरुवातीला हातात काय पडतं? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ग्रामीण भागासाठी महिना १५,००० रुपयांची शिफारस केली आहे. शिफारस आहे, सक्ती नाही. एवढंच सांगतो.

कृषी केंद्र, किराणा, मोबाइल शॉपी चालवणाऱ्यांनी नीट ऐकावं. सनद असलेल्या वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही आणि पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही. शिक्षक किंवा ग्रामसेवक असाल तर पदवी घेता येईल, पण नोकरीत असताना वकिली नाही. शेती करणारे वकील मात्र आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात आहेत.

कागद

इथे आमची एक चूक सांगतो. एका मुलीचं नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्चला संपलेलं होतं. आम्ही तारीख न पाहता अपलोड केलं आणि ती खुल्या प्रवर्गात गेली. आमचे पैसे परत केले, जागा परत देता आली नाही. तेव्हापासून कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली आहे, "तारीख पाहा". तुम्हीही घरून निघतानाच पाहा.

सोबत आणा: दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मूळ मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, आधार. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर. मधली वर्षं रिकामी गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, ते आम्ही टाइप करून देतो. जात वैधता नसेल तर आजच अर्ज टाका, त्याला वेळ लागतो आणि प्रवेशाची फेरी कुणासाठी थांबत नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींनी उत्पन्नाचा दाखला विसरू नये. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीची माफी २०२४-२५ पासून आहे. त्यासाठी प्रवेश सीईटी सेलच्या फेरीतून झालेला हवा.

अंतिम वर्षाला असाल तरी सीईटीचा फॉर्म भरता येतो. आमचा आकार दुकानातल्या पाटीवर लिहिलेला आहे, त्यापेक्षा एक रुपया जास्त देऊ नका. पासवर्ड तुमच्याच वहीत लिहून देऊ, आमच्याकडे ठेवणार नाही. ओटीपी येतो, तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून आणा. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्या दिवशी येऊ नका.