चर्चचे वडील आणि वरची सत्ता (सोलापूर)

चर्चचा कारभार कोणी बघायचा, मंडळीतल्या (म्हणजे गावच्या चर्चमधल्या) वडिलांनी, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, की बाहेरगावी बसलेल्या बिशपने (अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी) आणि सिनॉडने (चर्चची वरची सभा), हा वाद फार जुना आहे. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये 14:23 मध्ये पौल आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील नेमून पुढे निघून जातात, पण लगेच 15व्या अध्यायात यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का या प्रश्नावर यरुशलेमेत बैठक बसते आणि तिथला निर्णय पत्राने अंत्युखियाला कळवला जातो, म्हणून दोन्ही बाजूचे लोक बायबल उघडूनच भांडतात.

सोलापूरला हे जास्त लागू पडतं कारण 1860 च्या दशकात इथे आलेलं अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वतःच्या पायावर उभी, पाळक तीच निवडणार, सभासद तीच घेणार. कागदावर हं. मिशनचा पैसा बोस्टनहून यायचा आणि ज्याच्या हातात पगार त्याचंच चालायचं, हे विसरून जुन्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणं मला पटत नाही. 1924 ला काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन (वडिलांच्या सभांनी चालणारी चर्च) एक होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात त्याच्यासकट सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आणि ज्यांच्या आजोबांनी बिशप पाहिलाच नव्हता त्यांच्यावर बिशप आला.

आता गावात पास्टोरेट कमिटी (मंडळीची समिती), वर डायोसिस (बिशपचा विभाग), त्याच्यावर सिनॉड. वाद पेटतो तो बहुतेक दोनच गोष्टींवर, पाळकांची बदली आणि जमीन. कापणीच्या सणाला ज्वारीचं पोतं लिलावात चढ्या भावाने घेणाऱ्या माणसाला वाटणारच की हे कंपाउंड आपलं आहे, त्याला न विचारता व्यवहार होणं चूकच. चर्च ऑफ नॉर्थ इंडियातल्या विलीनीकरणावरून झालेल्या गुजरातच्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 ला सांगितलं की नुसता विलीनीकरणाचा ठराव करून जुनी संस्था संपत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, कायद्याची प्रक्रिया करावीच लागते. म्हणून अशा भांडणात धर्मादाय आयुक्तांकडची नोंद आधी बघावी.

उलट जिथे वरती कोणीच नाही अशा स्वतंत्र मंडळ्यांत वडीलपण घरातल्या घरात फिरायला लागलं, हिशोब दाखवणं बंद झालं, तर साध्या सभासदाने दाद मागायची कुठे? मंडळीत तरी तशी जागा नसते, मग शेवटी तोही कोर्टातच जातो.