चंद्र : विशेषनाम की सामान्यनाम?

२०२४ च्या २९ सप्टेंबरपासून २५ नोव्हेंबरपर्यंत साधारण दहा मीटर आकाराचा एक लघुग्रह पृथ्वीच्या ओढीत सापडला होता. त्या दोन महिन्यांत मराठी वृत्तपत्रांत ‘दुसरा चंद्र’ हा शब्दप्रयोग सर्रास होऊ लागला. या पाहुण्याने पृथ्वीभोवती एक पुरी फेरीही मारली नाही, तरी ‘२०२४ पीटी५’ अशी दुसऱ्या कशाशी घोटाळा होणार नाही अशी ओळख त्याच्यापाशी होती. पहिल्या चंद्राला मात्र ‘चंद्र’ याखेरीज नाव नाही, ही गोष्ट त्या निमित्ताने पुन्हा बोलली जाऊ लागली. पणजीत दुर्बिणीतून आकाश दाखवतात तेव्हा रांगेतले एखादे मूल हे हटकून विचारते: गुरूच्या चंद्राचे नाव युरोपा, शनीच्या चंद्राचे टायटन, मग आमच्या चंद्राचे नाव काय? दुर्बीण दाखवणारा हसून ‘चंद्रच’ म्हणतो आणि पुढच्या मुलाला जागा करून देतो. हे उत्तर बरोबर आहे, पण ते बरोबर का आहे हे सांगायचे तर बरेच मागे जावे लागते.

नेहमीचा खुलासा असा की १६१० पर्यंत दुसरे चंद्र कोणाला ठाऊकच नव्हते, त्यामुळे वेगळ्या नावाची गरज पडली नाही. हा खुलासा खरा असला तरी अपुरा आहे. १६१० च्या जानेवारीत गुरूभोवती फिरणारे चार ठिपके ज्याने पाहिले, त्याने त्यांना चंद्र म्हटले नाही. त्याने त्यांना तारे म्हटले आणि आपल्या आश्रयदात्या घराण्याचे नाव त्यांना जोडले. त्यानंतर वर्षभरातच एका जर्मन गणितज्ञाने त्यांच्यासाठी लॅटिनमधला ‘सॅटेलीस’ हा शब्द वापरला. मोठ्या माणसाच्या मागेपुढे चालणारा अंगरक्षक किंवा हुजऱ्या, असा त्याचा अर्थ होतो. याचा अर्थ पहिली काही दशके चंद्र एकच होता आणि बाकीचे होते ते तारे किंवा हुजरे. १६१४ मध्ये दुसऱ्या एका जर्मन निरीक्षकाने त्या चौघांना आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही नावे सुचवली, पण पुढची जवळजवळ तीनशे वर्षे खगोलशास्त्रज्ञांनी ती बाजूला ठेवून नुसते क्रमांक वापरले.

घसरणीची सुरुवात झाली ती १६५५ मध्ये. शनीभोवती फिरणारा एक पिंड एका डच निरीक्षकाला दिसला आणि पुढच्या वर्षी काढलेल्या छोट्या लॅटिन पुस्तिकेच्या शीर्षकात त्याने त्याला ‘शनीचा लूना’ म्हटले. लूना हे तोवर आकाशातल्या एकाच वस्तूचे नाव होते. त्याला षष्ठीचा प्रत्यय लागला, तो शनीला जोडला गेला आणि नाव हे पदनाम झाले. एखाद्या गावातल्या भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, सगळे नुसते ‘भाटकार’ म्हणत असावेत, आणि पुढे शेजारच्या गावातही भाटकार आहेत असे कळल्यावर ‘मग याचे नाव काय?’ असा प्रश्न पडावा, तसे हे झाले. मूळ नामकरणात काही चुकले नव्हते. ते नाव दुसऱ्यांना उसने दिल्यामुळे प्रश्न उभा राहिला, ही बाब या चर्चेत सहसा निसटते.

पुढचा इतिहास नावांची भर पडण्याचा आहे. शनीच्या चंद्रांचे क्रमांक नवा शोध लागला की बदलत, आणि त्या गोंधळाला कंटाळून १८४७ मध्ये एका इंग्रज शास्त्रज्ञाने तेव्हा माहीत असलेल्या सातांना ग्रीक पुराणातली नावे दिली. मंगळाचे दोन १८७७ मध्ये सापडले आणि लगेच नामधारी झाले. खगोलशास्त्रज्ञांची जागतिक संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली, गुरूच्या लहान चंद्रांना तिने १९७५ मध्ये रीतसर नावे दिली, आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या मान्य चंद्रांची संख्या २७४ झाली. या सगळ्या नोंदवहीत आपल्या चंद्राच्या रकान्याला कोणी हात लावला नाही.

संघटनेने याबाबत काहीच म्हटलेले नाही असे मात्र नाही. १९८९ च्या तिच्या लेखनसंहितेत शिफारस आहे की एकेका खगोलीय वस्तूच्या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत छापावे, आणि उदाहरणांत पृथ्वी व सूर्य यांच्याबरोबर चंद्रही आहे. याचा अर्थ असा की मोठ्या ‘एम’चा मून हे विशेषनाम आणि लहान ‘एम’चा मून हे सामान्यनाम. इंग्रजीत त्याच्या जोडीला ‘द’ हे उपपद असते, त्यामुळे बोलतानाही फरक कानाला कळतो. पोर्तुगीजमध्येही अशीच सोय आहे. १९६१ पूर्वी ज्यांची शाळा पोर्तुगीजमधून झाली, त्या गोव्यातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्या ‘एल’चा ‘लूआ’ आणि लहान ‘एल’चा ‘लूआ’ यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्याच शिफारशीत संघटनेने हेही स्पष्ट केले आहे की लेखनाचे संकेत ठरवणे हे ज्या त्या देशाचे वा भाषेचे काम आहे आणि सगळ्या भाषांसाठी ते करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. त्यामुळे मराठीपुरता प्रश्न मराठीतच सोडवावा लागतो.

आणि मराठीत तो इंग्रजीपेक्षा अवघड आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. मराठीत उपपद नाही. शिवाय ‘चंद्र’ हा अकारान्त पुल्लिंगी शब्द असल्याने त्याचे अनेकवचनही तेच राहते: एक चंद्र, दोन चंद्र, २७४ चंद्र. विशेषनामाचे अनेकवचन होत नाही हा व्याकरणातला परिचित नियम इथे कसोटी म्हणून लावायला जावे तर रूपात बदलच दिसत नाही. ‘चंद्राचे खड्डे’ आणि ‘चंद्रांचे खड्डे’ यांत एका अनुस्वाराचा फरक उरतो, आणि तो छपाईत किती वेळा गळतो हे मुद्रितशोधनाचे काम केलेल्या कोणालाही विचारावे.

याचा प्रत्यय मला घरातच आला. माझ्या भाच्याच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील शब्दांतील विशेषनाम ओळखा’ असा प्रश्न होता आणि नदी, चंद्र, पर्वत, मांडवी असे चार पर्याय होते. अपेक्षित उत्तर मांडवी होते. त्याने मांडवी आणि चंद्र दोन्ही लिहिले आणि गुण गेला. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ती प्रश्नपत्रिका कुठल्याही शाळेत निघू शकली असती. बाईंचे म्हणणे होते की विज्ञानाच्या पुस्तकात गुरूचे चंद्र आहेत, मग चंद्र हे सामान्यनामच. भाच्याचे म्हणणे होते की ‘चंद्र उगवला’ म्हटल्यावर कुठला, असे कोणी विचारत नाही. मला त्याचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते, पण त्याच्या मामाच्या मताला गुण नाहीत.

या गुंत्यात ‘उपग्रह’ या शब्दाने आणखी भर घातली. आपल्या परंपरेत चंद्र हा नवग्रहांपैकी एक पुरा ग्रह आहे. फलज्योतिषातही उपग्रह आहेत, पण ते गुलिक, मांदी, धूम यांसारखे गणिताने काढलेले बिंदू होत, चंद्राशी त्यांचा संबंध नाही. सूर्यकेंद्री मांडणी आल्यावर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राचे ग्रहपद गेले आणि ‘सॅटेलाइट’साठी उपग्रह हा शब्द रुळला. भिंतीवरच्या पंचांगात चंद्र ग्रह राहिला आणि दप्तरातल्या पुस्तकात तो उपग्रह झाला, आणि दोन्ही गोष्टी एकाच घरात विनातक्रार नांदतात. लॅटिन शब्दात हुजऱ्या होता, मराठी शब्दात धाकटा ग्रह आला, ही बढती म्हणायची की पदावनती हे ज्याने त्याने ठरवावे. नंतर ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आणि १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट आकाशात गेला. तेव्हापासून नुसते ‘उपग्रह’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सौर पंखांचे यंत्र येते. मग नैसर्गिक उपग्रह, कृत्रिम उपग्रह अशी विशेषणे लावावी लागली, आणि त्या लांबीला कंटाळून मथळे लिहिणारे पुन्हा ‘गुरूचे चंद्र’कडे वळले. आज मराठीत ‘चंद्र’ सामान्यनाम होत चालला आहे तो मथळ्यातली जागा वाचवण्याच्या गरजेपोटीही.

साधित शब्दांकडे पाहिले तर मात्र जुना, एकमेव चंद्र अजून जागेवर आहे. चांद्रमास, चांद्रभूमी, चंद्रग्रहण, चंद्रकोर यांतला चंद्र एकच आहे. ‘युरोपाची चांद्रभूमी’ असे कोणी लिहिले तर संपादक ते खोडील. पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वतावरील चंद्रेश्वर म्हणजे अनेक चंद्रांपैकी एखाद्याचा ईश्वर, असे कोणाच्या मनात येत नाही, आणि जुन्या चंद्रपूरचे चांदर झाले तरी त्यातला चंद्र तोच. खाडीकाठच्या खाजन शेतीत मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या मोरीची, दारे भरती-सुकतीच्या हिशेबाने चालतात. तिथे पुनव आणि अवस एवढे दोन शब्द पुरतात, कोणाची ते सांगावे लागत नाही. कोकणीत तर चंद्रीम हे रूप आकाशातल्या त्या एकासाठीच ओठांवर येते, त्याचे अनेकवचन करण्याची वेळच सहसा येत नाही. मराठीने उलट औदार्य दाखवले आहे: आपण ताऱ्यांनाही चांदण्या म्हणतो, म्हणजे चंद्राचे नाव दुसऱ्यांना वाटण्याची सवय आपल्याला दुर्बिणीच्या आधीपासूनची आहे.

वेगळे नाव द्यावे असा आग्रह धरणारे इंग्रजीत बहुधा ‘लूना’ सुचवतात. ते वेगळे नाव नाहीच, मूनचे लॅटिन भाषांतर आहे, आणि १६५६ मध्ये घसरलेला शब्द तोच. रशियन यानांनी १९५९ पासून हे नाव धारण केले. त्यांपैकी पंचविसावे १९ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर आदळले. मराठी वाचकाची अडचण याहून घरगुती आहे: १९७२ पासून पुढची काही दशके लूना म्हणजे पायडल मारून सुरू करायची दुचाकी होती, आणि त्या आठवणीसकट हे नाव आकाशात चढवणे कठीण आहे. संस्कृतातून नाव घ्यावे तर वाण नाही. अमरकोशात चंद्राची वीस नावे ओळीने आहेत, त्यांत इंदू, विधू, सोम, मृगांक, कलानिधी आहेत आणि ग्लौ नावाचा एक विचित्र शब्दही आहे. यांतले एखादे अधिकृत करावे असे म्हणणाऱ्यांनी एक अडचण लक्षात घ्यावी. ही सगळी नावे वर्णनातून आलेली आहेत आणि त्या यादीत ‘चंद्र’ हेही एक आहे. त्याचाही मूळ अर्थ लखलखणारा असाच आहे. वीसांपैकी एक लोकांनी रोजच्या वापरासाठी कधीच निवडले, आणि तेच विशेषनाम. काही परत घ्यायचे असेल तर ते इतरांना दिलेले उसने नाव घ्यावे, म्हणजे गुरूचे उपग्रह आणि पृथ्वीचा चंद्र असे लिहावे. मथळा दोन अक्षरांनी लांबेल.

दुसऱ्या बाजूला, किरकोळ पिंडांना नावे मिळण्याचा वेग अलीकडे वाढला आहे. पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरणाऱ्या आणि म्हणून चंद्राभास देणाऱ्या एका लघुग्रहाला २०१९ मध्ये ‘कामोओआलेवा’ हे हवाईयन नाव मिळाले. शुक्राच्या तशाच सोबत्याचे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘झूझवे’ असे मान्य झाले. एका मुलाच्या खोलीतल्या भित्तिचित्रावर ‘२००२ व्हीई’ या क्रमांकाचे अंक अक्षरांसारखे वाचले गेले, त्यातून हे नाव जन्मले. २०२५ च्या जानेवारीत पृथ्वीच्या आणखी एका सोबत्याचे नाव लोकांकडून सूचना मागवून ‘कार्डिया’ असे ठेवण्यात आले. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी ज्या ग्रहाच्या धडकेतून चंद्र घडला असे मानतात, त्या कोणीही न पाहिलेल्या ग्रहालाही २००० सालापासून ‘थिया’ हे नाव आहे. ग्रीक पुराणात ती चंद्रदेवतेची आई. आईला नाव मिळाले, मुलाचे नाव अजून वादात आहे.

चंद्राच्या नावाचा वाद असा शांत असला तरी चंद्रावरच्या नावांचा नाही. लॅटिन नावांची १६५१ मधली पद्धत आजही मूळ चौकट आहे, आणि भारताची भर त्यात उशिरा पडली. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सोडलेले उपकरण दक्षिण ध्रुवाजवळ जिथे आदळले, त्या जागेला देशात जवाहर स्थळ म्हटले गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले, तीन दिवसांनी त्या जागेला शिवशक्ती हे नाव जाहीर झाले, आणि चांद्रयान-२ च्या अपघातस्थळाला तिरंगा. देवनाम का, नेत्याचे नाव का, यावर तेव्हा जो वाद झाला त्यात शास्त्र कमी आणि राजकारण जास्त होते. जागतिक संघटनेने १९ मार्च २०२४ रोजी ‘स्टॅशिओ शिवशक्ती’ या रूपात नावाला मान्यता दिली. तिच्या नोंदीत स्थळाचे नाव संस्कृत आहे, त्याआधीचा शब्द लॅटिन आहे, आणि हे स्थळ कोणत्या पिंडावर आहे या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द आहे: मून.