घराचे लपवलेले दोष (गोवा)

विकणाऱ्याला ठाऊक आहे पण घेणाऱ्याला नीट बघूनही सापडणार नाही अशी घरातली किंवा कागदातली खोट म्हणजे लपवलेला दोष. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ नुसार ती आधीच सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि मुद्दाम गप्प बसला तर ती फसवणूकच धरतात. पण तेच कलम "वेगळा करार नसेल तर" असं म्हणून सुरू होतं, त्यामुळे सेल डीडमधे "आहे त्या स्थितीत" हे तीन शब्द कुठे घुसवलेत का ते बघायचं.

गोव्यात घरं दाखवतात बहुतेक दिवाळी ते मे. वर्षाचा साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस जून ते सप्टेंबरमधेच पडून जातो आणि चिऱ्याची भिंत पाणी पिते, पण एप्रिलमधे पुट्टी मारून रंग काढला की कोण ओळखणार! ओल येते त्या कोपऱ्यात कपाट ढकलून ठेवलेलं असतं, रंगाचा वास अजून ताजा, आणि खाली स्कर्टिंगजवळ बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. वरच्या मजल्याच्या फ्लॅटात स्लॅबवर पत्रे का घातलेत हेही विचारावं, हौस म्हणून कोणी एवढा खर्च करत नाही.

कागदातली खोट जास्त महागात पडते. गोव्यात लग्न झालेल्यांची मालमत्ता, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची सामाईक, म्हणून विकताना दोघांच्या सह्या लागतात. वडिलोपार्जित घर असेल तर इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी ठरवायची कोर्टातली प्रक्रिया) झाली का, सगळे वारस आले का, की परदेशातला एक भाऊ राहूनच गेला? एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) नाव आहे म्हणजे मालक असं नाही, ती महसुलाची नोंद. भाटात, म्हणजे जमीनमालकाच्या बागायतीत, मुंडकाराचं (मालकाच्या संमतीनं तिथे घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर १९७५ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा त्याला विकतही घेता येते, आणि दलाल म्हणतो "तो जाईल हो". तो जात नाही. शिवाय सनद (जमीन बिगरशेती करायची परवानगी), झोन (तिथे काय बांधता येतं), सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध) आहेतच. मात्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेला दस्त तुम्हाला माहीत होता असंच कोर्ट सहसा धरतं, त्यामुळे न शोधता मागून ओरडून उपयोग कमी.

बिल्डरकडून नवीन घेतलं तर २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियम घालणारा कायदा, बराच कामाचा: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्ती, नाहीतर भरपाई, आणि जमिनीच्या टायटलमधेच घोळ निघाला तर भरपाईला मुदतीची आडकाठी नाही. जुनं घर कोणा माणसाकडून घेतलं तर रेरा मधे येत नाही. तिथे दिवाणी कोर्ट, करार रद्द करा किंवा नुकसानभरपाई मागा, आणि फसवणूक कळल्यापासून साधारण ३ वर्षांत.

खरी अडचण पुराव्याची. दोष होता हे भिंतच सांगते, पण विकणाऱ्याला तो माहीत होता हे दाखवावं लागतं. मग शेजारी आठवतो, दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंग करणारा गवंडी शोधला जातो, सोसायटीच्या ग्रुपवर विकणाऱ्यानंच टाकलेला "परत गळतंय" असा मेसेज कामाला येतो.