ताटलीतलं लाल पाणी रक्त नसतं

'मटणातून सुटणारं लाल पाणी म्हणजे रक्तच' असा मेसेज गावच्या ग्रुपवर अधूनमधून येतच असतो. भाच्यानं आम्हाला शहरातल्या महागड्या जपानी हॉटेलात नेलं, तेव्हाही तेच आठवलं. टेबलातच निखाऱ्याची शेगडी, पातळ काप आपणच भाजायचे. याला याकिनिकू म्हणतात. कापांखाली लाल पाणी दिसताच भाऊजींनी ताटली सरकवली. शंका रास्तच होती, दिसतं तसंच ते.

पण आपल्याकडे रक्ती कोणाला माहीत नाही? बोकड कापल्यावर भांड्यात धरलेलं रक्त काही मिनिटांत थिजतं. आता बाजारातून आणलेलं मटण रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. सकाळी तळाशी साचलेलं पाणी पातळच असतं. कारण बहुतेक रक्त कापतानाच निघून जातं. उरतं ते स्नायूंमधलं पाणी, आणि त्याला लाली देतं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन. ते स्नायूंत प्राणवायू साठवतं. म्हणून सतत राबणारी कोंबडीची तंगडी गडद असते, छातीचं मांस फिकट. रक्त तर दोन्हीकडे फिरत होतं!

साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हे प्रथिन तपकिरी होऊ लागतं. मात्र रंग बदलला म्हणजे शिजलंच, असं नाही. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोचायला हवी. आणि ते पाणी रक्त नसलं तरी कच्चंच. त्यात जंतू असू शकतात. म्हणून कच्च्याचा चिमटा वेगळा, खायच्या काड्या वेगळ्या.

भाऊजींनी नंतर दोन काप खाल्ले. सावजीची सर नाही म्हणाले, ते वेगळं.