लुसिटानिया अठरा मिनिटांत का बुडाली?

७ मे १९१५ रोजी दुपारी दोनच्या सुमारास, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ओल्ड हेड ऑफ किन्सेल या भूशिरापासून साधारण १८ किलोमीटरवर, ‘यू-२०’ या जर्मन पाणबुडीने डागलेला एकच टॉर्पेडो ‘लुसिटानिया’च्या उजव्या कुशीवर आदळला आणि १८ मिनिटांत ते २४० मीटर लांबीचे प्रवासी जहाज समुद्रात गडप झाले. जहाजावरील सुमारे १,९६० जणांपैकी जवळजवळ १,२०० जण मृत्युमुखी पडले. त्याआधी तीन वर्षे ‘टायटॅनिक’ला बुडायला दोन तास चाळीस मिनिटे लागली होती.

हा फरक समजून घ्यायचा तर जहाजाच्या पोटात डोकावावे लागते. लुसिटानिया ब्रिटिश सरकारच्या कर्जातून बांधलेली होती आणि युद्धप्रसंगी ती नौदलाला वापरता यावी, अशी अट होती. म्हणून बॉयलरच्या दालनांच्या दोन्ही अंगांना, जहाजाच्या लांबीला समांतर, कोळशाची कोठारे ठेवली गेली. शत्रूचा तोफगोळा आलाच तर तो कोळशातच अडावा, हा हेतू. टॉर्पेडो मात्र पाण्याखालून येतो. न्यूयॉर्कहून निघालेला प्रवास संपत आल्याने ही कोठारे बरीचशी रिकामी झाली होती आणि भगदाडातून घुसलेले पाणी उजवीकडेच साचत गेले. जहाजाच्या रुंदीभर पसरणारे पाणी त्याला सरळ खाली दाबते. एकाच अंगाला साचलेले पाणी गुरुत्वमध्य बाजूला सरकवते आणि जहाज कलते. कलले की एरवी पाण्यापासून उंचावर असणाऱ्या खिडक्या पाण्याखाली जातात, आणि त्या दिवशी त्यांतल्या अनेक उघड्या होत्या.

जीवितहानीला हे कलणेच सर्वाधिक कारणीभूत ठरले, असे मला वाटते. टायटॅनिकच्या अनुभवानंतर लाइफबोटींची संख्या वाढवून ती ४८ करण्यात आली होती, पण सुखरूप पाण्यात उतरल्या त्या अवघ्या सहा. उजवीकडच्या बोटी जहाजापासून इतक्या दूर लोंबकळत होत्या की त्यांत चढणे अवघड झाले. डावीकडच्या आत डेकवर झुकल्या आणि काहींनी तिथल्या माणसांनाच चिरडले. त्यातच वाफेचा दाब घसरल्यामुळे कप्तान विल्यम टर्नर यांना जहाज थांबवता येईना आणि चालत्या जहाजावरून उतरवलेली बोट सहज उलटते. पाणी सुमारे ११ अंश सेल्सिअस होते. अशा पाण्यात हातपाय लवकर बधिर होतात आणि मदतीच्या होड्या पोहोचायला काही तास लागले.

टॉर्पेडोपाठोपाठ झालेल्या दुसऱ्या स्फोटावर आजही वाद आहे. जहाजात रायफलची लाखो काडतुसे होती हे खरे, पण अशी काडतुसे एकदम फुटून एवढा मोठा स्फोट सहसा होत नाही. कोळशाची धूळ पेटली किंवा वाफेची नळी फुटली, अशीही स्पष्टीकरणे दिली जातात.

अर्थशास्त्रज्ञ ब्रुनो फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या दोन्ही जहाजांच्या प्रवासी याद्यांची तुलना केली. टायटॅनिकवर स्त्रिया आणि मुले वाचण्याचे प्रमाण जास्त होते, तर लुसिटानियावर १६ ते ३५ या वयोगटातील धडधाकट माणसे अधिक तगली आणि पहिल्या वर्गाच्या तिकिटाचा कोणालाही फायदा झाला नाही. वेळ कमी असला की सामाजिक संकेतांपेक्षा जीव वाचवण्याची सहजप्रेरणा वरचढ ठरते, असा अर्थ त्यांनी लावला. तो बराचसा पटतो. तरीही झपाट्याने कलत जाणाऱ्या डेकवर वृद्धांना आणि लहानग्यांना नुसते उभे राहणेही कठीण होते, हे त्या आकड्यांकडे पाहताना नजरेआड करता येत नाही.