रेघांतच राहिलेले जुने गोवे: ॲक्वाटिंटची पार्श्वभूमी

जुन्या गोव्यातला भर रस्त्यावरचा बाजार, पालख्या, छत्र्या, लिलावाची गर्दी. गोव्याच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हे चित्र हमखास भेटते. १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाच्या प्रवासवर्णनातले ते. पुस्तक १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाले आणि चित्रे तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. नीट निरखले तर त्यात करडी छटा कुठेच सापडत नाही. सावली हवी तिथे दाट, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, बस्स. पत्र्यावरच्या खाचेत शाई राहते, गुळगुळीत भागावरून ती पुसली जाते. मधल्या छटा आणायच्या कशा, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. पुढे त्याचे एक उत्तर ठरले ॲक्वाटिंट, म्हणजे आम्लाने पत्रा खाऊ देऊन करड्या छटा छापण्याचे तंत्र.

पण हा प्रश्न आधी सुटला तो आम्लाशिवाय. १६४२ मध्ये लुडविग फॉन सीगनने मेझोटिंट पुढे आणले. पुढे त्यात दातेरी पात्याने अख्खा पत्रा खडबडीत करू लागले. तसाच छापला तर गडद काळा उमटतो. मग खरवडून, घोटून त्यातून उजेड काढायचा. काम वेळखाऊ, पण इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रांसाठी ते फार चालले.

आम्लाची वाट मात्र रेंगाळली. ॲम्स्टरडॅममध्ये यान व्हान डे वेल्डेने १६५० च्या सुमारास केलेले प्रयोग कुणी पुढे नेले नाहीत. १७६८ च्या आसपास फ्रान्समध्ये चित्रकार ल प्रॅन्सने ॲक्वाटिंट खऱ्या अर्थाने रुळवले आणि १७७० च्या दशकात पॉल सँडबीने ते इंग्लंडमध्ये नेले. कृती ऐकायला साधी आहे. राळेची बारीक पूड पत्र्यावर बसू द्यायची आणि खालून ऊब देऊन चिकटवायची. आम्ल कणांच्या मधल्या जागा खाते. पांढरे राहायचे ते आधीच व्हार्निशने झाकायचे, थोडे खाऊ दिले की पुढची छटा झाकायची. शेवटपर्यंत आम्लात उघडे राहते ते सर्वांत काळे. हात कितीही कसलेला असो, इथे खरी मदार वेळेच्या अंदाजावर असते. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९ च्या ८० चित्रांच्या मालिकेत माणसांमागे जो अंधार उभा केला, तो याच राळेचा.

मराठी मुलखाशीही याचा धागा जुळतो. पुण्यात पेशव्यांकडे काम केलेला चित्रकार जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये ॲक्वाटिंट छापून घेतले. त्याच लेण्यांची चित्रे पुण्याचे गंगाराम तांबट यांनीही काढली होती.

आणि गोवा? १५५६ मध्ये इथे छापखाना आला खरा, पण तो सुट्या अक्षरांच्या खिळ्यांचा. तांब्याच्या पत्र्याला दोन रुळांमधला दाब लागतो, ते यंत्रच वेगळे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली छपाई थांबली, ती परतली १८२१ मध्ये, ‘गाझेता द गोवा’ हे वृत्तपत्र घेऊन. मधल्या काळात, १७५९ मध्ये, व्हाइसरॉयही जुने गोवे सोडून पणजीला गेला होता. म्हणजे ॲक्वाटिंट रुळले तेव्हा लिन्सखोटेनने पाहिलेला तो बाजारच उरला नव्हता. छपाई परतली तोवर युरोपात शिळाछापाने (दगडावरून केलेल्या छपाईने) पुस्तकांतून ॲक्वाटिंटला हटवायला सुरुवात केली होती. त्यानंतर हे तंत्र प्रामुख्याने चित्रकारांच्या हाती राहिले. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै पॅरिसला एचिंग (आम्लाने पत्रा कोरून छापण्याची कला) शिकले, ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. पुढे ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.