अमेरिकेत अम्ब्रेला पॉलिसी: अर्ज नेमका कुठे अडतो

गाडीच्या किंवा घराच्या विम्यातलं लायबिलिटीचं (तुमच्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या भरपाईचं) लिमिट संपलं की त्यावरचं देणं भरते ती अम्ब्रेला पॉलिसी. कव्हर सहसा १० लाख डॉलरपासून सुरू होतं. तुमची स्वतःची इजा, स्वतःची गाडी आणि धंद्यातले दावे त्यात येत नाहीत. घर भाड्याचं असलं तरी रेंटर्स पॉलिसीच्या (भाडेकरूच्या विम्याच्या) जोरावर अर्ज करता येतो.

फॉर्म सोपा आहे, एजंट फोनवरही भरून घेतो. घोडं अडतं ते मूळ पॉलिसींच्या लिमिटवर. बऱ्याच कंपन्यांना गाडीवर २५०/५००/१०० आणि घरावर ३,००,००० डॉलरची लायबिलिटी लागते. हे गाडीचे आकडे हजारांत: एका जखमी माणसामागे, एका अपघातामागे आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायद्याने किमान ३०/६०/१५ पुरतं, म्हणून अनेकांची पॉलिसी तेवढीच असते. तेव्हा आधी लिमिट वाढवा, मग अर्ज करा.

पुरावा म्हणून लोक गाडीत ठेवलेलं इन्शुरन्स कार्ड पाठवतात. त्यावर लिमिट सहसा नसतंच. हवं असतं ते डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीतलं लिमिट्स लिहिलेलं पान, तेही लिमिट वाढवल्यानंतरचं. जुनं पान पाठवलं की अर्ज परत येतो, आणि नेमकं काय चुकलं हे सांगायची तसदी सगळेच घेत नाहीत.

घरातल्या प्रत्येक लायसन्सधारकाचं नाव द्या. नुकताच गाडी शिकलेला मुलगा हप्ता वाढवतो म्हणून त्याला गाळू नका. कंपनी ड्रायव्हिंग रेकॉर्ड तपासते, आणि लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी निघाली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. कुत्रा, स्विमिंग पूल, ट्रॅम्पोलीन, एअरबीएनबीवर दिलेली खोली यांनाही हेच लागू.

भारतातून आलेले बाबा तुमची गाडी चालवणार असतील तर कंपनीला आधी विचारा, उत्तर ईमेलवर घ्या. आई तुमच्याच जिन्यावरून पडली तर अम्ब्रेला कामी येईल असं धरून चालू नका. सोबत राहणाऱ्या नातेवाइकांच्या इजा बहुतेक पॉलिसी वगळतात. त्यांचा व्हिजिटर मेडिकल विमा वेगळा काढाच.

पॉलिसी मिळाल्यावरचा धोका तर कुणी सांगतच नाही. रिन्यूअलला पैसे वाचवायला गाडीचं लिमिट २५० वरून १०० वर आणलं, आणि एका जखमीचा दावा ४,००,००० डॉलरचा आला. गाडीचा विमा १,००,००० देईल. अम्ब्रेला मात्र अर्जाच्या वेळी मागितलेलं २,५०,००० चं लिमिट आहेच असं धरून त्यापुढचे १,५०,००० देईल. मधले १,५०,००० तुमच्या खिशातून. गाडीच्या विम्याची कंपनी बदलतानाही नवी लिमिट्स आधी जुळवून घ्या.

अपघात झालाच तर गाडीच्या कंपनीबरोबर अम्ब्रेलावाल्यांनाही लगेच लेखी कळवा. नोटीस कोर्टातून यायची वाट पाहू नका, उशिरा कळवलं या कारणावरूनही दावे नाकारले जातात.